चौथी वाटी

पाळीमामा पाण्याची पारख बोटाने करत. पाटात तर्जनी बुडवायची, जिभेला लावायची, डोळे मिटायचे. त्यांचा चेहरा सैल झाला की मगच आमच्या जिवात जीव येई.

नंदाखालला आमच्या केळीच्या तीन वाड्यांत मिळून एकच विहीर आणि एकच रहाट. पाणी प्रत्येकालाच आधी हवं असे, म्हणून पाळ्या मामांच्या हाती. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी ते पाण्याच्या घंगाळात सोडत. ती बुडाली की एकाची पाळी संपली, मग केळी माना का टाकेनात. एकदा सख्ख्या जावयाने थोडं जास्त पाणी मागितलं. मामा म्हणाले, "जावईबापू, वाटीला नातं कळत नाय."

तीन वाड्यांच्या तीन वाट्या झाल्या की चौथ्या वाटीला मामा बैल सोडत. रहाट उभा राही. ते कठड्याला कान लावून बसत आणि पुटपुटत, "आला... थांबला... गेला." भर दुपारी अंगावर काटा येई. ही पाळी कुणाची, असं विचारलं तर नारळांपलीकडच्या समुद्राकडे बोट दाखवत. "तो बी रांगेत हाय. त्याची पाळी दिली का मुकाट मागं जातो." तरुणपण मिठागरावर गेलेला माणूस, डोक्यात मीठ शिरलंय, असं म्हणून आम्ही ते हसण्यावारी न्यायचो.

एका चैत्रात मामा तापाने पडले आणि वाटी माझ्याकडे आली. माझी केळी घडांसकट सुकत होती. घराचं वर्षभराचं पोट त्यांच्यावर होतं. बाकीचे जेवायला गेले की आठ दिवस मी चौथी वाटी माझ्याच वाडीत वळवली.

नवव्या दिवशी मामा काठी टेकत आले. बोट जिभेला लावलं आणि थुंकले; पाणी खारावलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "त्याची पाळी तू खाल्लीस. आता तो तुमा तिघांच्या खाईल," एवढंच म्हणाले. केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्याच होत्या. त्यांनी पावसापर्यंत माझी वाटी समुद्राला देऊन टाकली. माझी बाग गेली, दोघांच्या वाचल्या. मला लाज वाटली आणि मामांचा रागही आला.

तरी मरताना त्यांनी वाटी माझ्याच हातात ठेवली. "ज्यानं एकदा खाल्ली, तोच जपंल."

अलीकडे पलीकडच्या वाडीतल्या विहिरीवर तेलावरचं इंजिन बसलंय. त्याला पाळी ठाऊक नाही, दिवसभर धडधडत पाणी उपसतं. मी अजून चौथ्या वाटीला बैल सोडतो, कठड्याला कान लावतो. तो आलेला कळतो. वाटी बुडते, मी उठतो; पण तो गेल्याचं हल्ली ऐकू येत नाही.