थोरल्याची अढी

चौकातल्या सलूनमध्ये दोन भावांच्या दोन खुर्च्या. थोरल्याची दाराजवळ, धाकट्याची आत. गिऱ्हाइकांशी दोघांच्याही गप्पा रंगायच्या, पण थोरला धाकट्याशी बोलेल तर शपथ! बोललाच तर "पुढचा घे." संपलं.

न्हाव्याची पंचाईत अशी, की स्वतःच्या मानेवरचे केस काही त्याला कापता येत नाहीत. पूर्वी सुट्टीच्या दिवशी दार आतून लावून हे दोघे एकमेकांचे केस कापायचे, खिदळायचे. ते बंद पडलं. थोरला बायकोच्या हाती कात्री देऊन मुकाट बसू लागला. तिला बिचारीला ते कुठलं जमायला! मागून डोकं उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसायचं, गिऱ्हाइकं गालातल्या गालात हसायची. तरी हा हट्ट सोडेना.

लोक म्हणायचे, दुकानाच्या वाटणीवरून बिनसलं असणार. कसली वाटणी न् कसलं काय! गोष्ट एवढीशी होती. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा त्याची दाढी रोज थोरला करायचा. शेवटच्या सकाळी त्याचा बसल्या जागी डोळा लागला. जाग आली तर धाकटा वस्तरा पुसतोय, आणि बाप गालावरून हात फिरवत म्हणतोय, "वा! काय हलका हात आहे." दुपारी बाप गेला.

इतके महिने राबलो मी, आणि शाबासकी याला! बरोबर संधी साधली चोरानं! थोरल्याच्या मनात ते जे बसलं ते बसलंच. नुसता राग असता तर चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. अढीचं तसं नसतं हो. ती बोलून दाखवायची लाज वाटते, म्हणून तर ती जात नाही. धाकटा विचारायचा, "दादा, माझं काही चुकलं का?" हा म्हणायचा, "काही नाही." आणि मनात आणखी चिडायचा, एवढंसुद्धा कळू नये याला?

अशी वर्षं गेली. मग धाकटा आजारी पडला आणि डॉक्टरांनी हात टेकले. थोरला उशाशी जाऊन बसला. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं. घसा खाकरून त्यानं एकदाचं विचारलं, "त्या सकाळी बाबांची दाढी तू का केलीस?"

धाकटा बराच वेळ आठवत राहिला.

"रात्रभर जागला होतास तू. तुला उठवायचं जिवावर आलं माझ्या." मग त्याच्या लक्षात आलं. "एवढ्यासाठी, दादा? मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी घोर पाप घडलंय, तुला तोंडानं सांगवत नाही इतकं. पोरं मोठी झाली, तरी पडल्या पडल्या मी तेच शोधत होतो."

"चुकलं रे माझं," थोरला रडत म्हणाला.

"विचारत होतो ना मी? दर वेळी विचारत होतो." धाकट्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्यानंतर तो आठवडाभर होता. बायकोशी बोलला, पोरांशी बोलला, भेटायला आलेल्या गिऱ्हाइकांशीही बोलला. थोरल्याशी नाही.