वजनदार अक्षर

माझ्या वडिलांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला लोक रडत रडत आले.

दोष माझाच. मी अमरावतीच्या शाळेत चित्रकला शिकवायचो, त्यामुळे अक्षरांतलं आपल्यालाच कळतं, हा माझा जुना आजार! फ्लेक्सच्या दुकानात ते अक्षर दिसलं आणि मी हरखलो. जाडजूड काळे दांडे, टोकाटोकाला पात्यासारखी धार, वेलांटी तर फणा काढून बसलेली!

"सर, हे अक्षर आमी वेगळ्या कामाले वापरतो," दुकानदार चाचरला.

"मलाही वेगळंच पाहिजे!"

"तसं नाही सर, आयकून तर घ्या..."

"नावाला वजन लागतं, भाऊ! टाका."

टाकलं. 'नारायणराव', हातभर उंच, काळंभोर. (दुसरा रंग शोभेचना!) वर फोटो, खाली बारीक अक्षरात शुभेच्छा. बाबांची इच्छा एकच होती, मोर्शीच्या वासुदेवकाकांनी यावं. एका लग्नाच्या पंगतीत आधी कोण बसणार यावरून हे दोघे बालमित्र बारा वर्षं बोलत नव्हते. मी फोन केले, काकांनी उचलले नाहीत.

चौकात फ्लेक्स लागला. शुभेच्छांची ओळ निंबाच्या फांदीआड गेली. उरलेल्याचा फोटो मोबाइलवर मोर्शीपर्यंत फिरला.

वाढदिवसाच्या दिवशी भर दुपारी गल्ली एकदम चूप झाली. समोरचा टीव्ही बंद. दारात चपला निघाल्याचे आवाज, बोलणं मात्र नाही. पांढऱ्या कपड्यांतली माणसं एकेक करून आत येत होती, भिंतीला टेकून बसत होती, आणि सगळी माझ्याकडेच बघत होती. शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरीची परात ठेवली. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी आणतात, तशी! मे महिन्यात माझ्या पाठीतून गार काहीतरी सरकलं.

एकाने हळूच विचारलं, "केव्हा नेणार?"

मी आतल्या खोलीकडे धावलो. बाबा निपचित. हनुवटीपर्यंत पांढरी चादर. पंखा फिरत होता, पण चादर हलत नव्हती. क्षणभर (कबूल करतो!) त्या अक्षरावर माझाही विश्वास बसला.

तेवढ्यात मागून हंबरडा आला. वासुदेवकाका!

"नारायणा, पंगतीत तूच आधी बसाले पाहिजे होतं रे!"

चादर हलली.

"मंग तवा काहून नाही म्हटलं?"

बाहेरची निम्मी माणसं चपला न घालता पळाली. दोघा म्हाताऱ्यांनी एकाच ताटात पिठलं खाल्लं. "वाढदिवसाले मी काई आलो नसतो," काका म्हणाले.

गेल्या महिन्यात मी निवृत्त झालो. बायकोने धडा घेऊन साध्या, बारीक अक्षरात समारंभाचा फ्लेक्स लावला. कुत्रं फिरकलं नाही! आला तो एकटा दुकानदार, हातात कागदाची गुंडाळी.

"सर, सहज तुमचं नाव त्या अक्षरात टाकून पाह्यलं. लय खुलून राहिलं!"

तेव्हापासून मी सहीसुद्धा बारीक टोकाच्या पेनाने करतो.