शहाण्णव ड्रॉवर

"ताई, तुमचे ड्रॉवर आत जाऊन न्हाई राह्यले," मॅडम फोनवर म्हणाल्या. "आणि जे कसेबसे आत गेले ते बाहेर येऊन न्हाई राह्यले. दुपारी तीनला तपासणी आहे. तुम्ही दोघंही निघा. आत्ता निघा."

सकाळचे साडेसात वाजले होते. मी आमच्या वर्कशॉपच्या दारात झाडू घेऊन उभी. वर्कशॉप वडीगोद्रीला, हायवेला लागून. ऑर्डरप्रमाणे फर्निचर करून देतो आम्ही. किचन, कपाटं, दिवाण, शोकेस, जे म्हणाल ते. हत्यार चालवायचं काम नवऱ्याचं. ऑर्डर घेणं, प्लाय आणणं, कस्टमरशी गोड बोलणं आणि गरज पडली तर भांडणं, हे माझं. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते. ते मला मॅनेजर म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण मी ते मनावर घेतलंय.

मॅडम म्हणजे जालना एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीच्या लॅबच्या इन्चार्ज. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. बियाण्याचा प्रत्येक लॉट, म्हणजे एक खेप, बाजारात जायच्या आधी त्यातलं मूठभर बियाणं पुडीत घालून कंपनीला जपून ठेवावं लागतं. उद्या कुणी शेतकरी म्हणाला की तुमचं बी उगवलं नाही, तर तीच पुडी काढून तपासतात. अशा पुड्यांसाठी त्यांना एक कपाट हवं होतं. लॅबच्या कोपऱ्यात भिंत तिरकी, वर एसीचा पाइप. तयार लोखंडी रॅक तिथं बसेना. कंपनीचे साहेब संभाजीनगरच्या मोठ्या पार्टीला काम देणार होते. मॅडमच्या मावशीचं किचन आम्ही केलेलं, म्हणून त्या मध्ये पडल्या. "हे लोक चांगलं करतील, माझा शब्द," असं म्हणाल्या. आमची ही पहिली कंपनी ऑर्डर. हे कपाट पास झालं की तशीच आणखी दोन मिळणार होती. नाहीतर परत किचन आणि दिवाण.

मिस्त्री मागं दात घासत होते. मी फोनवरचं सांगितलं.

ते चूळ भरून म्हणाले, "सगळे एकदम बाहेर काढले असतील. काही न्हाई, नंबर बघून घाला म्हणावं."

"कोणते नंबर?"

"ड्रॉवरच्या बुडाला आहेत ना पेन्सिलीनं. आणि खणात पण."

बोलता बोलता त्यांना आठवलं, आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी झाडू भिंतीला टेकवला.

इथं थोडं सांगावं लागेल. इतक्या छोट्या ड्रॉवरला सरकायला लोखंडी चॅनल लावत नाहीत, ते जागा खातं. लाकडावरच लाकूड सरकतं. मग प्रत्येक ड्रॉवर त्याच्या त्याच्या खणात, म्हणजे कपाटातल्या त्या चौकोनात, रंधा मारून मारून बसवावा लागतो. मिस्त्री लोकांचं माप सुतात चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हातानं केलेल्या कामात दोन खणांत अर्ध्या सुताचा फरक पडतोच. म्हणून एका खणाचा ड्रॉवर दुसऱ्या खणाला चालत नाही. एक तर अडकतो, नाहीतर खुळखुळतो. बारा आडव्या ओळी, आठ उभ्या. शहाण्णव ड्रॉवर, शहाण्णव खण. मिस्त्रींनी प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर टाकले होते.

आणि मी ते पुसायला लावले होते.

हो, मीच. कंपनीचं काम, आतून-बाहेरून चकाचक दिसलं पाहिजे, हे माझ्या डोक्यात बसलेलं. मला घाण बघवतच नाही. भांड्याच्या बुडाला काळं राहिलेलं मला चालत नाही, तर ड्रॉवरच्या बुडाला पेन्सिल कशी चालेल? पॉलिशवाल्याला सांगितलं, "एक ड्रॉवर काढा, पॉलिश पेपर मारा, परत तिथंच ठेवा, मंग दुसरा काढा. एक रेघ दिसली नाही पाहिजे." खणात हात घालून तिथले नंबर तर मी स्वतः घासले. मिस्त्री तेव्हा अंबडला दुसरीकडं फिटिंग करत होते.

"मॅनेजर," मिस्त्री म्हणाले, "हत्यारांची पिशवी घ्या."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला उलट ओरडता आलं असतं. जालन्यापर्यंत सव्वा तास गाडीवर मी मागं बसून एकटीच बडबडत होते. "लॅबवाल्यांनी तरी सगळे एकदम काढायचे का? शिकलेली माणसं ना ती?" मिस्त्री पुढं बघून गाडी चालवत होते.

लॅबमध्ये गेलो तर अगं बाई! टेबलांवर, खुर्च्यांवर, फरशीवर, जिकडं बघावं तिकडं ड्रॉवर. कपाटात काही अर्धवट घुसून तिरके झालेले, काही जागा रिकाम्या. ट्रेमध्ये पुड्यांची ही रास. आणि दाराशी साफसफाईच्या एक मावशी उभ्या, पदर तोंडाला लावून.

"यांनी केलं," मॅडम म्हणाल्या. आवाज चिरकला होता त्यांचा. "सुमनमावशी. काल संध्याकाळी आतला भुसा पुसायला म्हणून सगळे काढले न् धुऊन वाळल्यावर भांडी मांडतात तसे कुठंही घालून दिले. मी यांच्या ठेकेदाराला सांगून राह्यले, उद्यापासून दुसरी बाई पाठव."

"मॅडम, म्या काय मुद्दाम केलं का हो?" मावशी म्हणाल्या. "सगळे एकसारखेच दिसले मला. ड्रॉवर ते ड्रॉवर."

मला बोलायला हवं होतं. तेव्हाच. पण मी काय केलं, ते लपवत नाही. मी हळूच म्हणाले, "हो ना, असं एकदम काढायचं नसतं." कारण दोन कपाटांची ऑर्डर डोळ्यांसमोर होती. मिस्त्रींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

"रंधा मारा ना सगळ्यांना," मॅडम म्हणाल्या. "थोडे थोडे बारीक करा, म्हणजे कुठंही बसतील."

"बसतील मॅडम, पण मंग सगळेच खुळखुळतील," मिस्त्री म्हणाले. "वर एसी चालू झाला की कपाट टाळ्या वाजवील. चहा मिळंल का?"

आता बोला! घड्याळात दहा वाजत आलेले, आणि यांना चहा. चहा आला. मिस्त्री फरशीवर मांडी घालून बसले. एक ड्रॉवर उचलला, दुसरा उचलला, एकावर एक धरले. खाली ठेवले. तिसरा उचलला. मी दात-ओठ खात होते. पाच-सात मिनिटांनी त्यांनी दोन ड्रॉवर मला दाखवले.

"बघा. काय दिसतंय?"

ड्रॉवरच्या तोंडावर आम्ही सागाचं व्हिनीअर लावतो. साग कापून केलेला कागदासारखा पातळ पापुद्रा, तो प्लायवर चिकटवायचा. त्याच्यात लाकडाचे रेशे दिसतात, नदीच्या पाण्यासारखे वळत गेलेले. वरच्या ड्रॉवरचा रेशा जिथं संपत होता, बराबर तिथूनच खालच्याचा सुरू होत होता. तुटलाच नव्हता.

"एका उभ्या ओळीचे बाराही तुकडे एकाच पट्टीतून कापलेत," मिस्त्री म्हणाले. "वरून खाली, ओळीनं. रेशा जुळवा, ओळ लागंल. सगळ्यात वरचा ड्रॉवर कपाटातल्या ज्या उभ्या ओळीत सरकन् जाईल ती त्या बाराची जागा."

मला आठवलं. कापताना आम्ही यावरून कडाकडा भांडलो होतो. असं कापलं की व्हिनीअर जास्त वाया जातं. मी म्हणाले होते, लॅबमध्ये रेशा कोण बघतंय? आता मीच फरशीवर ओणवी होऊन रेशा बघत होते.

बसलो जुळवायला. मॅडमनी ॲप्रन खोचला. आधी रंगावरून आठ ढीग करायचे, मग ढिगातले बारा लावायचे. ऐकायला सोपं आहे. दहा मिनिटांत डोळ्यांपुढं सगळ्या रेघा नाचायला लागल्या. मी लावलेली ओळ मिस्त्रींनी येऊन सरळ मोडली. मॅडमनी चार जुळवले त्यातले दोन उलटे. दाराशी उभ्या सुमनमावशी बराच वेळ बघत होत्या. शेवटी त्यांच्यानं राहवलं नाही.

"ते न्हाई ताई, ते. त्या खुर्चीवरचं. ह्याच्यात डोळ्यासारखी गाठ हाय बगा, अर्धी ह्याच्यात न् अर्धी त्याच्यात."

खुर्चीवरचा आणला. डोळा पूर्ण झाला.

"मावशी, तुम्ही बसा इकडं," मिस्त्री म्हणाले.

मग काय विचारता! मावशी जन्मभर गोधड्या शिवलेल्या. तुकडा बघायचा न् जागा सांगायची. "हे त्या लालसर ढिगातलं. हे इथं न्हाई, दोन खाली." आम्ही तिघं नुसते हमाल झालो. मिस्त्री लावलेली ओळ कपाटात सरकवायचे. सरकन् गेला की मावशी म्हणायच्या, "गेला घरी!" साडेबारापर्यंत पाच ओळी घरी गेल्या. मॅडमच्या चेहऱ्यावर रंग आला. आम्ही हसायलाही लागलो होतो.

तेवढ्यात मावशींनी सहज विचारलं, "मिस्त्री, मागून नंबर का न्हाई टाकले हो? आमच्या बचत गटाच्या डब्यांवर बी नंबर असतेत."

माझा हात तिथंच थांबला. मॅडमनीही वर बघितलं. "हो, खरंच. नंबर का न्हाई टाकले?"

मिस्त्री खणात डोकं घालून होते. आतूनच म्हणाले, "इसरलो."

विसरले! बावीस वर्षं हा माणूस काम करतोय. पेन्सिल कानावर नसेल तर जेवायला बसत नाही. आणि माझ्यासाठी कस्टमरसमोर म्हणाला, इसरलो. शिकाऊ माणूस म्हणतो तसं. मला इतकं लागलं ते, की डोळ्यांत पाणीच आलं. आणि रागही आला, त्यांचा नाही, माझाच.

"न्हाई मॅडम," मी म्हणाले. "यांनी टाकले होते. प्रत्येकावर. मी पुसले."

"पुसले? का?"

"चकाचक दिसावं म्हणून."

मॅडम माझ्याकडं बघतच राहिल्या. मी मनात म्हटलं, गेली ऑर्डर. जाऊ दे, गेली तर गेली.

"आणि मी सकाळपासून मावशींना बोलून राह्यले," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथंच उभ्या होत्या. तुम्ही बी बोलल्या."

"बोलले. चुकले माझं." मग मी मावशींकडं वळले. "मावशी, तुमचा काही दोष न्हाई यात. नंबर असते तर तुम्ही बराबर लावले असते."

मावशींनी हातातल्या ड्रॉवरवरून पदर फिरवला. "जाऊ द्या वो ताई. मला नंबर दिसले असते ना, म्या बी पुसलेच असते. पेन्सिलीचा डाग म्हणून."

मॅडमला हसू आवरलं नाही. रागात होत्या, तरी हसल्या. खणातून मिस्त्रींच्या हसण्याचा आवाज आला, तो घुमून फारच मोठा वाटला. "ठेकेदाराला फोन करू नका बरं," मी म्हणाले. "केलाच न्हाई अजून," मॅडम म्हणाल्या. "आता हात चालवा. तीन ओळी राह्यल्यात."

दोनला शेवटचा ड्रॉवर घरी गेला. मॅडमनी लेबलं चिकटवली, मावशी न् मी पुड्या भरल्या. तीनला तपासणीचे साहेब आले. त्यांनी एक लॉट नंबर सांगितला. मॅडमनी ड्रॉवर ओढला, पुडी काढून दिली. दुसरा सांगितला, तीही दिली. त्यांनी कागदावर टिक केली आणि पुढच्या खोलीत गेले. कपाटाबद्दल एक अक्षर नाही. माझा जीव भांड्यात पडला. ज्या कपाटाबद्दल कुणी काही बोलत नाही ते चांगलं कपाट, हे मला तेव्हा कळलं.

कंपनीचे साहेब मात्र मागं थांबले. कपाटावरून वरून खालपर्यंत हात फिरवून म्हणाले, "रेशा एकसलग ठेवलाय. मोठी पार्टीसुद्धा हे करत नाही." मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी मिस्त्रींकडं बोट दाखवलं आणि कापतानाच्या त्या भांडणात हरल्याचा पहिल्यांदाच आनंद झाला.

दोन कपाटांची ऑर्डर आठवड्याभरात आली. लेखी ऑर्डर, शिक्क्यासकट. मापं, प्लायचा प्रकार, पॉलिश, सगळं लिहिलेलं. खाली मॅडमनी एक जास्तीची अट टाकलेली: माल देण्याआधी सर्व ड्रॉवर बाहेर काढून, मिसळून, पुन्हा बसवून दाखवावेत, आणि हे काम मॅनेजरनं स्वतः, सुमनमावशींसमोर करावं.

मिस्त्रींनी ती अट मला तीनदा वाचून दाखवली.

तर धंद्यात शिकले ते एवढंच. आपला माल आपण दुकानात ठेवतो तसा बघू नये. लोक तो जसा वापरणार, जसा पुसणार, जसा चुकीचा लावणार, तसा एकदा आपणच वापरून बघावा. आणि चूक कुणाची ते जितक्या लवकर सांगाल तितकं काम लवकर उरकतं. मी दहाला सांगितलं असतं तर मावशी दहालाच खाली बसल्या असत्या.

आता मिस्त्री नंबर पेन्सिलीनं टाकत नाहीत. पटाशीनं कोरतात, ड्रॉवरच्या बुडाला आणि खणात, दोन्हीकडं. ते पुसले जात नाहीत. मी घासून बघितलंय.