तांब्याच्या मापाची कुंची

कुंची बसत नाही, असं मी वन्संना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा खोटं सांगितलं. त्यातल्या दोन वेळा तर ती मी बाळाच्या डोक्याला लावूनही बघितली नव्हती.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, पण वयाने माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. खानापूरकडे दिल्या होत्या. दोन मुलं पोटातच गेली, पुन्हा दिवस राहिले नाहीत, आणि एक दिवस त्यांच्या नवऱ्याने त्यांना ट्रंकेसकट कंग्राळीला, माहेरी आणून सोडलं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरात होत्याच. दुपारची भांडी झाली की पायरीवर बसून क्रोशा घ्यायच्या. साखळी, खांब, मुका खांब, बोटं चालत राहायची आणि तोंड गप्प. कुणी बघतंय याचं भान नसायचं. मला दिवस राहिल्याचं कळल्यावर त्यांनी हळदीच्या रंगाची लोकर आणून ठेवली. बाळ जन्मल्याशिवाय त्याचं काही करत नाहीत, म्हणून सुई मात्र लावली नाही. निपाणीला, माझ्या माहेरी मुलगा झाला, फोन गेला, आणि त्याच दिवशी त्यांनी पहिली साखळी घातली.

बारशाला त्या कुंची घेऊन आल्या. डोकं, कान आणि पाठ एकदम झाकणारी, गळ्याशी बांधायला नाडी, नाडीच्या टोकांना गोंडे. कडेला शिंपल्यासारखी नक्षी होती. सगळ्या बायकांनी ती हातात घेऊन बघितली. आईने मला आतल्या खोलीत बोलावलं.

"तिचा हात लागू दिऊ नको लेकराला. दोन पोटातच गेलीत तिची. आनि तिनं केलेलं अंगावर तर न्हायच घालायचं."

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आईने तो माझ्या चुलतनणंदेला दिला. दोन मुलांची आई होती ती. पाळण्याभोवती बायकांची गर्दी झाली तेव्हा वन्सं बाहेर पाहुण्यांना पेढे वाटत होत्या. कुणी वाटायला सांगितलं होतं, ते वेगळं सांगायला नको.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दृष्टबिष्ट मी मानत नव्हते, आजही मानत नाही. मग आईचं का ऐकलं? कारण ते सोयीचं होतं. तिसऱ्या महिन्यात कंग्राळीला परत आले तेव्हा बाळ माझ्याकडे किरकिर करायचं आणि वन्संचा नुसता आवाज ऐकला की गप्प व्हायचं. मान वळवून दाराकडे बघायचं. नऊ महिने मी वाहिलं, टाके मी सोसले, आणि हसू हिच्यासाठी? माझा जळफळाट व्हायचा.

"वैनी, बसली का वो कुंची?"

"घट्ट होतेय."

"माप घेऊ काय जरा? दोराच लावतो डोस्क्याला."

"झोपलाय आत्ता."

मी खोलीत असले की तो कायम झोपलेलाच असायचा. शेवटी वन्संनी भावालाच विचारलं, डोकं केवढं आहे. त्याने दोन हात हवेत धरून दाखवलं. तेवढ्या अंदाजावर त्या स्वयंपाकघरात फिरल्या, भांडी उलटीसुलटी करून बघितली, आणि एक पितळी तांब्या निवडला. सगळी कुंची उसवून, तांब्या पालथा घालून, त्याच्यावर नव्याने विणली. मी आईला फोनवर सांगितलं, "तांब्याला कुंची घालून बसल्यात." आम्ही दोघी खूप हसलो. फोनवर बोलताना दार उघडंच होतं.

दुसऱ्या वेळी मी म्हटलं, सैल होतेय. पुन्हा उसवली. तिसऱ्या वेळी म्हटलं, सैल नाही, पण मानेला काचतेय. तोवर मार्गशीर्षातली थंडी कडाक्याची पडली होती. बाळाला मी बाजारातला, अस्वलाचं चित्र असलेला तयार स्वेटर घालत होते. त्याने कान उघडेच राहायचे, आणि गळ्याशी घासून लाल चट्टा उठायचा. मी खोबरेल लावायचे आणि पुन्हा तोच घालायचे.

चौथ्यांदा त्यांनी मला विचारलंच नाही. मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले, तर बाळ त्यांच्या मांडीवर, डोक्यावर ती हळदी कुंची, नाडी बांधलेली. मापात कुठे एका टाक्याचाही फरक नव्हता. बाळ गोंडा तोंडात धरून हसत होतं. वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बसली की वो, वैनी." त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंद होता. खोटं पकडल्याचा नव्हे, कुंची बसल्याचा. तेच मला सहन झालं नाही.

मी नाडी ओढली. गाठ बसली होती, म्हणून तशीच हिसकून कुंची काढली. बाळाचा कान दुखावला, ते किंचाळलं. आणि मी म्हणाले, "स्वतःचं झालं नाही म्हणून माझ्या लेकरावर हौस भागवू नका."

मी बाळाला वन्संच्या मांडीवरून उचललं. मांडी रिकामी झाल्यावरही थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. मग दुपारी पायरीवर बसून कुंची उसवली. शेवटची गाठ सोडवून धागा ओढला की क्रोशाचं काम सरसर सुटत जातं. गोंडे, नाडी, कड, पाठ, डोकं. मी खिडकीतून बघत होते. हाताशी फक्त लोकरीचा गुंडा उरला.

संक्रांतीनंतर त्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडीची मदतनीस म्हणून गेल्या. तिथेच खोली घेऊन राहिल्या. जाताना बाळाला लांबूनच बघितलं.

चार वर्षांनी मला मुलगी झाली. या खेपेला आई नव्हती. आदल्याच वर्षी गेली. थंडी आली आणि मला ती कुंची आठवू लागली. नवरा बहिणीला भेटायला निघाला, तेव्हा मी आढेवेढे घेत म्हटलं, वन्संना सांगा, हिच्यासाठी एक करा म्हणावं.

तो परतला तो पिशवी घेऊन. या माणसाला काय सांगावं आणि काय गिळावं हे कधीच कळलं नाही. म्हणाला, "अंगणवाडीतल्या सगळ्या पोरांच्या डोस्क्यावर तिनं केलेल्या टोप्या हाईत. आत्या आत्या करत मागनं फिरत्यात." पिशवीत तोच हळदी गुंडा होता, आणि त्यात खोचलेली सुई.

"आणि काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मापाचं डोस्कं वैनींच्या मांडीवरच हाय. तांब्या लागायचा न्हाय. त्यांनीच करावी."

खरं सांगते, मला आधी रागच आला. एवढं धरून ठेवायचं? मग हट्टाने मोबाईलवर व्हिडिओ लावून बसले. इतक्यांदा उसवलेली ती लोकर कुरळी झाली होती, कितीही ताणली तरी सरळ होईना. वीस साखळ्या कशाबशा घातल्या, धागा जरा ओढला गेला आणि सगळ्या सुटल्या. मुलगी मांडीवर शिंकली. तिचे कान गार पडले होते.

मी अस्वलाचा स्वेटर तिच्या डोक्यातून ओढून घातला. संध्याकाळपर्यंत तिच्या गळ्याशी लाल चट्टा उठला, तिच्या भावाला उठायचा तिथेच.