मेकॅनिकच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी

आर्णीतल्या त्या बेपत्ता मेकॅनिकचं प्रकरण इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेलं नाही. मी तेव्हा तिथल्या ठाण्यात होतो. कापसाचे ते वाईट दिवस, कर्जापायी माणसं जीव देत. माणूस हरवला की आम्ही आधी विहिरी पाहत असू.

शनिवारी सकाळी त्याची बायको आली. टीव्ही-कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तिचा पन्नाशीचा नवरा आदल्या दिवसापासून घरी आला नव्हता. मिसिंग नोंदवली, विहिरी पाहिल्या. दुपारी खबऱ्याने सांगितलं, "साहेब, जायच्या आधी पार्टनरशी लय भांडला तो."

पार्टनर म्हणजे दुकानातला भागीदार, वीस वर्षांपासूनचा दोस्त. त्याला ठाण्यात आणलं. भांडण झाल्याचं त्याने कबूल केलं, पण कारण विचारलं की मान खाली. तासभर हेच चाललं. हवालदाराने हात उगारला. मी त्याला आवरलं खरं, पण यानेच काहीतरी केलंय अशी माझीही खात्री झाली होती.

शेवटी तो म्हणाला, "म्या शब्द देल्ला त्याले. तोंडानं नाही सांगत. दुकानातला कॉम्प्युटर उघडून पाहा."

बायकोला बरोबर घेऊन दुकान उघडलं. कॉम्प्युटरमध्ये पत्ते, फोटो, रोजची कामं नीट लावून ठेवायचं एक सॉफ्टवेअर होतं. इंग्रजी अक्षरांत हिंदी नोंदी. बायकोच्या फोटोखाली लिहिलं होतं: 'ही माझी बायको. चहात साखर कमी.' पार्टनरच्या फोटोखाली: 'हा दोस्त. हा सांगेल ते ऐकायचं.' घराचा रस्ताही लिहिला होता.

माणूस विसरत चालला होता आणि घरी कळू देत नव्हता. डॉक्टरकडे चल, भाभीला सांग, म्हणून आपण भांडलो, हे गुपित उघडं पडल्यावर पार्टनरने सांगितलं.

आणखी एक नोंद होती: 'बहीण, नेर. शुक्रवारी जायचं.' पुढे पत्ता.

बायको दचकली. "आपा को गुजरे तो दो साल हो गए, साहब."

नेर ठाण्याला फोन लावला. तासाभरात उत्तर आलं. तो बहिणीच्या जुन्या घराच्या ओट्यावर बसला होता. तिथल्या नव्या भाडेकरूंनी त्याला जेवू घालून रात्री ठेवून घेतलं होतं.

संध्याकाळी त्याला आणलं. बायको रडत रडत त्याला म्हणाली, "शक्कर कम मुझे नहीं, तुम्हें लगती है."

रजिस्टरला 'मिळून आला' अशी नोंद केली आणि पार्टनरची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब, सापडला ना."

गप्प बसणारा माणूस म्हणजे गुन्हेगार, असं मी तोवर धरून चालत असे. त्यानंतर कोणी समोर मान खाली घालून बसला, की हा कोणाला सांभाळतोय, हे मी आधी शोधू लागलो.