कोऱ्या पेनाचा मुहूर्त

त्या टेबलावर माझे सोडून अकरा पेने होती आणि एका अर्जापुरती शाई त्यांपैकी एकातही नव्हती. हे वाक्य मी सर्वांत आधी लिहून ठेवतो. पुढे जे घडले त्यावरून माझ्याकडे लेखी माफीनामा मागण्यात आला, आणि मागणाऱ्यांपैकी एकालाही ह्या वाक्याचे उत्तर देता आलेले नाही.

मी अर्जनवीस आहे. उल्हासनगरात कॅम्प पाचमध्ये एका कचेरीच्या कुंपणाला लागून माझी जागा आहे. एक टेबल, दोन स्टुले, वर निळी ताडपत्री. माझी शाळा नववीत सुटली, तरी माझ्या हातचा कागद वाचून वकिलांनी मान हलवलेली मी पाहिली आहे. हल्ली सगळे कॉम्प्युटरवर होते असे लोक म्हणतात. होत असेल. पण साहेबापुढे छापील कागदांची चळत असावी, तिच्यात एकच कागद हाताने लिहिलेला, नीट समास सोडलेला, ओळी ताठ असलेला असावा, मग त्याची नजर आधी कुठे जाते ते मला विचारावे.

अंबरनाथ आणि बदलापूरकडच्या शाईच्या पेनांच्या शौकिनांचा एक गट आहे. कारखान्यांतले निवृत्त अधिकारी, बँकेतल्या बाई, दातांचे एक डॉक्टर, अशी मंडळी. माझ्या शेजारी एका सिंधी गृहस्थांचे पेनांचे दुकान आहे. गटातले लोक तिथे निब बदलून घ्यायला येत, आणि दुकानदार त्यांना माझ्या टेबलाकडे बोट दाखवून सांगे की अक्षर बघायचे असेल तर इकडे बघा. असा मी त्या गटात गेलो. तिथे मला सगळे ‘गुरुजी’ म्हणू लागले. माझे सख्खे मेहुणे मला ‘कागदवाले’ म्हणतात. पन्नाशीला टेकलेल्या नववी शिकलेल्या माणसाला डॉक्टर आणि अधिकारी गुरुजी म्हणतात, ह्याची किंमत ज्याची त्यालाच कळते. ती मला कळत होती, म्हणूनच पुढचा राग एवढा आला.

गटाची एक प्रथा आहे. दिवाळी संपल्यानंतरच्या रविवारी सर्वांनी एका सभासदाच्या घरी फराळाला जमायचे, आणि दिवाळीत ज्याला जे पेन भेट मिळाले, किंवा ज्याने स्वतःच स्वतःला घेतले, ते टेबलावर मांडून त्याची हकिकत सांगायची. त्या वर्षी बदलापूरला दातांच्या डॉक्टरांच्या घरी जमलो होतो. बँकेतल्या बाईंनी पाडव्याला नवऱ्याला सांगितले होते की साडी नको, पेन द्या. डॉक्टरांनी स्वतःच घेतलेले पेन बायकोने दिले असे सांगितले, तेव्हा त्यांची बायको आतून म्हणाली की ते तिलाही आत्ताच कळते आहे. सगळे हसले. मीही हसलो.

माझ्या पाळीला मी माझे पेन ठेवले. काळे, जाड अंगाचे, शेजारच्याच दुकानातून स्वतःला घेतलेले. लक्ष्मीपूजनाला त्यावर हळदकुंकू वाहिले, शाई भरली आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढला, हे मी सांगितले. ते ऐकून डॉक्टर म्हणाले, “म्हणजे भरलंत सुद्धा?” आणि तीन-चार जण एकमेकांकडे पाहून हसले. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मग आत शाई किती राहते ते बघू, असे म्हणत डॉक्टरांनी माझे पेन उघडले, त्याचे चार भाग केले आणि ते टिश्यूवर मांडून ठेवले.

शेवटी साहेबांची पाळी आली. साहेब म्हणजे अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले मोठे अधिकारी. गटात त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांची मुलगी परदेशात असते. दिवाळीला तिला येता आले नाही, म्हणून तिने पेन पाठवले होते. लाकडी पेटीत, मखमलीवर, डाळिंबी रंगाचे, सोन्याच्या निबेचे. पेन हातोहात फिरले. साहेब म्हणाले, “ह्याला अजून शाई लागलेली नाही,” आणि ते परत आल्यावर त्यांनी पेटी दोन्ही हातांनी बंद केली.

माझ्या धंद्यात हे वाक्य कोणी उच्चारले तर त्याचा एकच अर्थ होतो. नवे पेन आहे, मुहूर्त व्हायचा आहे, चांगल्या हाताची वाट आहे. कचेरीतले शिपाईसुद्धा नवे पेन माझ्याकडे आणून म्हणतात, काका, पहिला ‘श्री’ तुम्ही काढा. पेन घ्यायचे, त्यात शाई कधीही भरायची नाही आणि अशा न भरलेल्या पेनाला अधिक मानायचे, अशी रीत जगात असू शकते, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी पटले नसते.

मंडळी चहाला गॅलरीत गेली. मी चिवडा संपवत बसलो होतो. डॉक्टरांकडे काम करणारी बाई कप उचलायला आली आणि हळूच म्हणाली, “दादा, तुमीच अर्ज लिवता ना? माज्या पोरीचा नाव काडलाय होस्टेलच्या यादीतशी. उद्या सकाली कागद दिला नाय तर जागा जाईल, बोलतात.”

बाई बदलापूरजवळच्या चामटोलीची. मुलगी आठवीत, वसतिगृहात राहणारी. दिवाळीच्या सुट्टीत नव्या यादीतून तिचे नाव गळले होते. मी चार प्रश्न विचारले आणि पिशवीतून कागद काढला. कागद आणि शाईची बाटली माझ्या पिशवीत कायम असते. पेन मात्र टिश्यूवर चार तुकड्यांत पडले होते. टेबलावरची दहा पेने एकामागून एक उघडून पाहिली, सगळी कोरडी. फ्रिजला दोरीने बांधलेले एक बॉलपेन होते, हे मी कबूल करतो. मी अर्ज बॉलपेनाने लिहीत नाही. अकरावे पेन पेटीत होते, आणि बाटलीतून शाई भरायचीच तर मुहूर्ताची वाट बघणाऱ्या पेनातच भरावी, असे मला वाटले.

मी पेटी उघडली, शाई भरली आणि कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ काढला.

त्या निबेबद्दल मी खोटे बोलणार नाही. मी जन्मात एवढे चांगले पेन हातात धरलेले नव्हते. एका पानात विषय, हकिकत आणि विनंती बसवली. बाईने खाली सावकाश सही केली आणि घडी न घालता कागद आपल्या पिशवीतल्या वहीत ठेवला. पेन पुसून, टोपण लावून मी गॅलरीत गेलो आणि साहेबांच्या हातात दिले. मी म्हणालो, “साहेब, मुहूर्त चांगल्या कामावर झाला. मुलीच्या शिक्षणाचा अर्ज होता.”

मला वाटले होते ते हात जोडतील. त्यांनी टोपण काढले, ओली निब पाहिली आणि विचारले, “तुम्ही ह्यात शाई भरलीत?”

“भरली.”

“कोणाला विचारून?”

“पेनात शाई भरायला विचारावं लागतं?”

साहेबांनी टोपण परत लावले. बोलले इतर. बँकेतल्या बाई म्हणाल्या की शाई एकदा लागली की पेन वापरलेले ठरते, मग कितीही धुवा. मी म्हणालो की वापरण्यासाठीच ते केलेले असते. डॉक्टर म्हणाले, “नशीब, गुरुजींनी वर तिकीट लावून शिक्का नाही मारला.” पुन्हा हसणे झाले. मग त्यांनी बेसिनपाशी उभे राहून, दातांच्या कामाची पिचकारी घेऊन ते पेन धुतले. सहा वेळा धुतले तरी निबेच्या चिरेतली निळी रेघ जाईना. बाई तिथेच भांडी घासत होती. तिने माझ्याकडे बघितले नाही, कारण आपल्यामुळे हे झाले हे तिला कळले होते. आणि ह्याचा राग मला सर्वांत जास्त आला.

मंगळवारी गटाच्या व्हॉट्सॲपवर डॉक्टरांचा संदेश आला. झाल्या प्रकाराने सर्वांना वाईट वाटले आहे. गुरुजींनी येत्या रविवारपर्यंत साहेबांना लेखी माफीनामा द्यावा, म्हणजे विषय संपेल. अन्यथा गटाच्या शिस्तीचा विचार करावा लागेल. खाली बावीस जणांनी अंगठे उमटवले.

माफीनामा! मी माझ्या आयुष्यात किती माफीनामे लिहिले असतील त्याची गणती नाही. परीक्षेत चिठ्ठी सापडलेल्या पोरांचे, ड्यूटीवर झोपलेल्या पहारेकऱ्यांचे, विठ्ठलवाडीच्या डेपोतल्या तोंडाळ कंडक्टरांचे. माफीनाम्यात मणका कुठे असतो आणि तो किती वाकवला की साहेबाचे समाधान होते, हे माझ्याइतके ह्या तीन गावांत कोणाला माहीत नसेल. परंतु स्वतःच्या नावाने मी एकही लिहिलेला नव्हता.

शेजारच्या दुकानदारांना मी सगळे सांगितले. ते पोटभर हसले आणि म्हणाले, “साईं, पेन आहे की ठाकुरजी, जो नुसता दर्शनाला ठेवलाय?” मग लगेच धंद्यावर आले. “पण लिहून टाका ना. दुसऱ्याच्या नावाने रोज लिहिता, एक आपल्या नावाने लिहिला तर हात झिजतो काय? कस्टमर लोक आहेत, यार.”

त्यांचे कस्टमर, म्हणून मी वाकायचे. मी गटावर एवढेच लिहिले की माफीनामा हवा असल्यास संबंधितांनी समक्ष येऊन न्यावा, माझी जागा सकाळी दहा ते सायंकाळी पाच उघडी असते. ह्यावर कोणी अंगठा उमटवला नाही.

बुधवारी चामटोलीची बाई वाट वाकडी करून माझ्या टेबलाशी आली. मुलीचे नाव यादीत परत आले होते. तिने डॉक्टरांच्या घरीही ते सांगितले होते. मी संध्याकाळपर्यंत गट बघत राहिलो. बँकेतल्या बाईंनी पेन ठेवायच्या नव्या कातडी पाकिटाचा फोटो टाकला होता आणि त्याखाली वाहवा चालली होती. मुलीच्या नावाबद्दल एक ओळ नव्हती. अक्षरावर प्रेम आहे म्हणणारी ही माणसे. त्यांच्या टेबलावर लिहिलेल्या एकमेव कागदाने काम केले, आणि त्यांना त्याची दखल घ्यावीशी वाटली नाही.

तरी मी माफीनामा लिहायला बसलो. चार मसुदे फाडले. प्रत्येक मसुदा उत्तम होता आणि प्रत्येक खोटा होता. पाचव्याला मी स्वतःला तेच विचारले जे अशिलाला विचारतो: नुसते घडले ते सांग. आणि पेटी बंद करणारे साहेबांचे दोन्ही हात आठवले. एवढीशी पेटी, ती एका बोटाने बंद झाली असती. माणूस काय बोलतो त्याहून तो हातांनी काय करतो ते पाहून मी अर्ज लिहितो, ह्याचा मला अभिमान आहे. ते हात मी पाहिले होते आणि तरीही पेटी उघडली होती. मी मसुदा पुरा केला, त्याची दुसरी प्रत काढली आणि टेबलाच्या खणात ठेवली. घेऊन मात्र जाणार नव्हतो.

शुक्रवारी साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, रिक्षातून उतरून कुंपणाकडे बघत उभे राहिले. माझ्यापुढे दोन माणसे होती. मी साहेबांना दुसऱ्या स्टुलाकडे हात केला आणि दोघांचेही कागद पूर्ण केले, जरा सावकाशच. ते माझा हात बघत बसले होते.

“कागद तयार आहे?” त्यांनी विचारले.

मी खणातून काढून दिला. मजकूर दोन ओळींचा होता. आपल्या मालकीचे पेन आपणास न विचारता पेटीतून काढले, ह्याबद्दल मी दिलगीर आहे. त्यात शाई भरली, ह्याबद्दल मी दिलगीर नाही.

साहेबांनी चष्मा लावून दोन वेळा वाचला. “हा माफीनामा नाही, गुरुजी.”

“अर्धा आहे. चूक अर्धीच आहे माझी.”

“आणि उरलेली अर्धी?”

“ती टेबलावर होती. अकरा होती.”

ते रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मुलीचा फोन आला होता. विचारत होती, बाबा, लिहायला कसं आहे.”

“मग काय सांगितलंत?”

“छान आहे म्हटलं. दुसरं काय सांगणार?”

“वळणाला अडत नाही,” मी म्हणालो. “वेलांटी घेताना हात मोकळा राहतो. मला विचारलं असतंत तर नीट सांगितलं असतं.”

ते कागदाची घडी घालू लागले, तेव्हा मी दुसरी प्रत पुढे सरकवली. मी कोणताही कागद पोच घेतल्याशिवाय देत नाही. कचेरी असो की पाहुणा. मिळाले म्हणून लिहा, तारीख घाला, सही करा, असे सांगून मी माझे पेन उघडून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते घेतले नाही. खिशातून डाळिंबी पेन काढले.

त्यांनी ‘मिळाले’ असे लिहिले. थोडे थांबून पुढे ‘अर्धे’ असे लिहिले. तारीख, सही. अक्षर अधिकाऱ्याचे, उतावळे आणि उजवीकडे पडलेले. निब त्यांच्या हाताखाली जराशी खरखरत होती. शाई हिरवी होती. हिरवी शाई मी ठेवत नाही.

टिपकागद माझ्या हाताशी होता. तो मी लगेच दिला नाही. बावीस अंगठे माझ्या डोळ्यांपुढे होते, आणि बेसिनपाशी खाली मान घालून भांडी घासणारी बाईही होती. साहेब कागद दोन बोटांत धरून त्यावर फुंकर घालत बसले. ओली सही बोटाला लागू नये म्हणून हात जरा लांब धरला होता. शेवटी मीच टिपकागद पुढे केला.

ते गेल्यावर पाळीची वाट बघत उभ्या असलेल्या म्हातारीने स्टुलावर टेकत विचारले, कोण रे बाबा ते, मोठे साहेब दिसत होते. मी पोच फाईलला लावत म्हणालो, “कोणी नाही, आजी. कागद न्यायला आले होते. तुमचं बोला.”