बिनतेलाचे साडू

तेलावाचून जग चालेल, किंबहुना अधिक चांगलं चालेल, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सोलापुरातल्या एका मशिनरीच्या दुकानात नोकरी करता करता त्यांना प्लॅस्टिकचं बेअरिंग भेटलं. भेटलं असंच म्हणायला हवं, कारण कुणाला गुरू भेटावा तसे ते त्या दिवसापासून बोलू लागले. पुढे नोकरी सोडून त्यांनी त्याच मालाची एजन्सी घेतली आणि नातेवाइकांना तो समजावून सांगण्याचं व्रतही घेतलं. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. मला यातलं पहिल्या दिवशी काही कळलं नव्हतं, आणि आज कळलं आहे असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

बेअरिंगमध्ये लोखंडी गोळ्या असतात एवढीच माझी माहिती. साडूंनी माझ्या तळहातावर ठेवली ती करड्या रंगाची, अंगठीहून थोडी मोठी अशी साधी कडी. "यात गोळ्या कुठायत?" मी विचारलं. "नाहीत." "मग तेल कुठं सोडायचं?" "सोडायचंच नाही." "मग हे फिरतं कसं?" "हे फिरत नाही. याच्यात दांडा फिरतो." माझा चेहरा पाहून त्यांनी ताटातल्या शेंगाचटणीकडे बोट दाखवलं. म्हणाले, "ही चटणी कुटताना तुमच्या मेहुणीनं वरून तेल घातलं का? नाही. पण कुटता कुटता आतलं सुटलंच की. तसंच हे. घासलं जाईल तसं आतलं निसरडं द्रव्य दांड्यावर बसतं." उदाहरण उत्तम होतं. फक्त त्यामुळे बरेच दिवस माझी अशी समजूत राहिली की ही कडी शेंगदाण्यांपासून करतात.

त्यांना घेऊन कुठे जायचं म्हणजे जीव मुठीत धरूनच. औषधाच्या गोळ्या, दुधाच्या पिशव्या, बिस्किटं, जिथे तेलाचा थेंब पडून चालत नाही अशी प्रत्येक जागा त्यांना पाठ होती. शेतातल्या फवारणी यंत्राला धुळीत तेल कसं मारक ठरतं, हे त्यांनी एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून सांगितलं होतं. भाचीला पाहायला पाहुणे आले तेव्हा दार कुरकुरलं म्हणून यांनी बिजागरी उघडायला घेतली आणि नवरामुलगा आतल्या खोलीतच अडकून पडला. आमच्या फाटकालाही त्यांनी आपल्या कड्या बसवल्या. फाटक करकरलं की कुणी आलं हे आम्हाला समजायचं. आता दूधवाला एकदम स्वयंपाकघरात उभा दिसतो आणि बायको दचकते. "आवाज गेला हे यश आहे," साडू म्हणाले. यश आमचं की दूधवाल्याचं, हे मी विचारलं नाही.

त्यांची खरी परीक्षा झाली ती सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात. मालक तेलुगू विणकर घराण्यातले, सगळे त्यांना अण्णा म्हणत. मागांवर पांढरे टॉवेल निघायचे आणि वरून तेलाचा थेंब पडून त्यातले पुष्कळ वाया जायचे. "एका मागाला लावून दाखवा," अण्णा म्हणाले. "माल पांढरा निघाला तर सगळ्यांना लावू की." साडूंनी कड्या बसवल्या आणि थोड्याच दिवसांत तो माग जड चालू लागला, टॉवेलवर डागही तसेच. साडूंच्या तोंडचं पाणी पळालं. मलाही त्यांनी सोबत नेलं, बहुधा धीरासाठी. कडी उघडली तर आत तेल आणि सुताचा भुसा मिळून काळा लगदा झालेला. या कडीत तेल आलं कुठून, हे कुणालाच समजेना.

तेव्हा कारखान्यातले तेलवाले मामा पुढे आले. लांब नळीची बुधली घेऊन दिवसभर मागांना तेल पाजत फिरणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. "मीच घालतोय की रोज," ते म्हणाले. "शेजारचे समदे पित्यात, ह्यो एकटाच उपाशी कसा ठेवू?"

 साडूंनी कडी पुसून पुन्हा बसवली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मागाशेजारी स्टूल टाकून ते पहाऱ्याला बसू लागले. मामा बुधली घेऊन यायचे, साडूंकडे पाहायचे, आणि पुढच्या मागाकडे वळायचे. हळूहळू पुढे वळण्याआधी तिथेच टेकू लागले. दोघांचा चहा एकत्र येऊ लागला. मामांच्या मोहोळकडच्या शेळ्यांची नावं साडूंना पाठ झाली. टॉवेल मात्र दुधासारखे निघू लागले.

अण्णा खूश झाले. "आता सगळ्या मागांना लावा," म्हणाले. साडूंनी विचारलं, "आणि मामा?" अण्णा माणूस वाईट नव्हे, तेही जरा घुटमळले. "वय झालंय त्यांचं. जातील की गावाकडं." मला वाटलं, साडू पेढे वाटतील. त्यांनी पहाऱ्याचं स्टूल उचलून भिंतीला लावलं आणि ते घरी निघाले. त्यानंतर अण्णांचा फोन आला की ते सांगायचे, "माल यायचाय." महिने गेले, माल येईना. आणि एकदा त्यांच्या घरी दिवाणाखाली पाहतो तर कड्यांची खोकी गच्च भरलेली. "हे काय?" मी विचारलं. "नमुने." "एवढे?" त्यावर ते उठून अंगणात गेले. जन्मभर लोकांना गाठून माल दाखवणारा माणूस आता तो लपवून का ठेवतो, हे मला कळेना. मेहुणीबाई म्हणाल्या, "काही विचारू नका त्यांना. रात्री नीट जेवतसुद्धा नाहीत."

अखेर मामाच एक दिवस त्यांच्या दारात आले. गुडघे धरले होते, मोहोळची लेक बोलवत होती. पाणी प्यायले आणि म्हणाले, "सायेब, आता येऊ द्या तुमचा माल. मी चाललो लेकीकडं."

आठवड्याभरात सगळ्या मागांना कड्या लागल्या. अण्णांनी साडूंना हार घातला. साडू आवाजाकडे कान लावून मागांमधून फिरत राहिले. मी अभिनंदन केलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आपण काहीतरी चुकीचं बोललो असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी ते मला एसटीत घालून मोहोळला घेऊन गेले. डेअरीत काम आहे म्हणाले. डेअरीत आम्ही गेलोच नाही. मामांच्या लेकीच्या अंगणात लिंबाखाली बाजेवर बसलो. शेळ्या इकडून तिकडे फिरत होत्या. त्या दोघांच्या मधे बसून, ते काय बोलतायत ते समजून घ्यायचा मी फार प्रयत्न केला. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, ते दोघं काहीच बोलत नव्हते.